फतकल बाई

साल दोन हजार अठरा, माझं वय सदुसष्ट, आणि त्या वयात एका बाईने मला पोरं कशी सांभाळायची ते शिकवायला घेतलं. मी चार पोरं वाढवलेला माणूस. शाळा तिसरीपर्यंत, पण आमच्या रापणीचा मी तांडेल, म्हणजे म्होरक्या. किनाऱ्यावर माझा शब्द कोणी मोडत नसे. ही बाई आमच्या वाडीतल्या अंगणवाडीची. तिला फतकल बाई हे नाव मीच पाडलं, टिंगल म्हणून. कुठलंही पोर समोर आलं की ती आधी जमिनीवर फतकल मारायची, मगच बोलायची. ओली वाळू असो की एसटीचा थांबा. साडी मागून कायम मळलेली. एकदा मासळीबाजारात मी विचारलंच, "बाये, तुका खुर्ची मिळणा नाय काय?"

"आबा, उभ्या माणसाचा तोंड पोराक दिसता खंय? नाकपुड्यो तेवढ्यो दिसतत. तुमच्यो तर केसांसकट."

मासळीवाल्या बायका हसल्या. मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही.

बोलावं लागलं ते नातीमुळे. मनू तेव्हा चार वर्षांची. मुलगा दिलीप पर्यटकांची बोट चालवतो, सून सायली घरी उतरलेल्या पाहुण्यांचा स्वयंपाक बघते. हंगामात दोघांनाही पाठ टेकायला फुरसत नसते. म्हणून मनूला अंगणवाडीत सोडणं, आणणं आणि दुपारभर सांभाळणं माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी तिची नजर चुकवून मी सटकलो. बाई विहिरीपर्यंत मागे धावत आली.

"आबा, मागे फिरा. मी जातंय, बारा वाजता न्हेवक येतंय, असा तिका सांगा आणि मगे जावा."

"रडात गो ती."

"रडांदे. रडणा थांबता. पण आज चोरून गेलात तर उद्या ती तुमका सोडूची नाय."

"मी चार पोरां वाढवलंय!"

"वाढवलात, काय आपसूक वाढली?" एवढं विचारून ती वळली. मला राग आला, पण मागे फिरलो आणि सांगितलं. मनू तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी तिनेच हात हलवून मला घालवून दिलं. बाराला मात्र दारात हजर राहायचं, एक मिनिट उशीर नाही, ही बाईची अट. भरती-ओहोटी सांभाळलेल्या माणसाला ती जड नव्हती.

जेवणाचं दुखणं त्याहून मोठं होतं. मोबाईल समोर लावल्याशिवाय मनू तोंड उघडत नसे. सायलीने बाईला घरी बोलावलं. बाई स्वयंपाकघरात फतकल मारून बसली, तांदळाचा रिकामा डबा मागून घेतला आणि पहिल्यांदा स्वतःचा फोन त्यात टाकला. मग सायलीचा. मग दिलीपपुढे हात केला.

"बाई, पाहुण्यांचे फोन येतत," दिलीप म्हणाला.

"अर्ध्या तासात पाहुणे बुडणत नाय."

"माझ्याकडे मोबाईलच नाय," मी ऐटीत म्हणालो.

"मगे तो रेडिओ बंद करा."

तिने मनूला लसूण सोलायला बसवलं, ताटं मांडायला लावली. सायलीला म्हणाली, "काय रांधूचा ता तू ठरव. किती जेवचा ता तिचा पोट ठरवतला. मधी पडा नको." दोन दिवस मनू अर्धपोटी उठली. तिच्यापेक्षा सायलीच जास्त रडली. चौथ्या दिवशी पोरगी बांगड्याचे काटे आपल्या हाताने काढून ताटाच्या कडेला लावत होती. मी बाईला चांगलं म्हटलं नाही. मनात म्हटलं.

"पोराक खरा काम द्या, खोटा नको," असं ती सारखी सांगे. म्हणून एका सकाळी मी मनूला रापण ओढायला नेलं. समुद्रात टाकलेलं लांबलचक जाळं आम्ही दोन्हीकडच्या दोऱ्यांनी किनाऱ्यावर ओढतो. दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा, मग तो वाटेने जाणारा परका का असेना. मनू शेवटपर्यंत ओढत राहिली. तळवे लाल झाले. मी वाळूत वाटे मांडले आणि तिला म्हटलं, "तुझो वाटो माझ्यातच गो." सगळे हसले, मीही हसलो. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

बाई मासळी घ्यायला आली होती. "आबा, हात लागलो तेका वाटो, ह्यो कायदो कोणाचो?"

"चार वर्साच्या चेडवाक कसलो वाटो?"

"मगे दोरी कित्याक दिलात?"

तांडेलाने मांडलेला वाटा मोडायचा नसतो, असं म्हणून मी पाठ फिरवली. मोडला असता तर माझं काय जाणार होतं? पण नाही मोडला.

त्या दिवसापासून मनू माझ्याजवळ थांबेना. दुपारी सायलीच्या पदराला चिकटून बसे. चुलीवरचं करपू लागलं. पंधरा दिवसांनी दिलीप म्हणाला, "बाबा, तिका ओरोसाक आजयेकडे ठेवूया. हंगाम सरल्यार परत हाडूया." मी म्हटलं, "ठेवा."

त्याच आठवड्यात बाई निवृत्त होऊन कुणकेश्वरला लेकीकडे निघाली. निरोपाला लोकांनी अंगणवाडीत तिच्यासाठी खुर्ची मांडली होती, ती सतरंजीवरच बसली. एकेका पोरापुढे बसून तिने सांगितलं, "मी जातंय. उद्या दुसरी बाई येतली." काही रडली. तिने रडू दिलं. मी सगळे जाईपर्यंत दारात रेंगाळलो. उद्या दुपारच्या एसटीने मनू ओरोसला आजीकडे जायची होती.

"बाये, चेडू माझ्याकडे येणा नाय." जन्मात कोणाला असं सांगितलं नव्हतं.

"माका कित्याक सांगतास? तिका सांगा, चुकलंय म्हणान."

"लोकांसमोर?"

"हसलात तेव्हा लोक होते मां? आणि उभ्यान सांगू नकात."

"गुडघे वाकले तर परत उठूचंय नाय गो मी."

"बसा तर खरे. उठूचा मागाहून बघू," म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण वर आली. सायली मनूला घेऊन लांब उभी होती. मी वाटे मांडले, शेवटी एक वेगळा मांडला, सात पेडवे आणि एक बांगडा. मनूला हाक मारली आणि सगळ्यांसमोर ओल्या वाळूत फतकल मारली. म्हटलं, "मनू, ह्यो तुझो वाटो. त्या दिवशी देवक नाय. माझा चुकला."

तिने वाट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आज मी दोरी ओढूक नाय."

"ह्यो त्या दिवसाचो."

तिने फ्रॉकच्या ओच्यात एकेक मासा भरला. मग मला उठता येईना. दोन रापणकर पुढे आले, त्यांना मी हातानेच मागे सारलं आणि तोच हात मनूपुढे केला. म्हटलं, "ओढ गो."