धम्मदिनाचं गॅप ॲफिडेव्हिट

वळ गावातल्या त्या आळीत धम्मदिनाशी कुणाचं धड बोलणं उरलं नव्हतं. बाई तोंडाची फटकळ, हे खरंच आहे, नाकारून कसं चालेल. पण आळीने अबोला धरला तो तिच्या तोंडामुळे नाही. तिने तिच्याबरोबर पॅकिंगला असलेल्या वैशालीच्या केसमध्ये साक्ष द्यायचं कबूल केलं, म्हणून.

झालं होतं असं. धम्मदिनाचा धाकटा दीर मिथुन मानकोलीच्या एका गोडाऊनला बायका पुरवायचा. लेबर कॉन्ट्रॅक्टर म्हणे. आळीतल्या अर्ध्या बायका त्याच्याच हाताखाली पॅकिंगला. धम्मदिनाही लग्न होऊन आली आणि वर्षभरात तिथेच उभी राहिली. मस्टरवर नाव घाल म्हटलं की हा हसायचा, "वहिनी, घरच्या माणसाचं नाव कशाला मस्टरवर?" घरचं माणूस म्हणत म्हणत बारा-तेरा वर्षं राबवून घेतलं मेल्याने. आणि बाहेरच्या बायकांची नावं तरी कुठे घातली होती?

मग एक दिवस रॅकवरचे खोके वैशालीच्या अंगावर आले आणि तिचा गुडघ्याखालचा पाय चेचला. पोलिसांपुढे मिथुनने सरळ हात वर केले. ही माझ्याकडे कामाला नव्हतीच, कुणाचा तरी डबा द्यायला आली होती. वैशाली कोर्टात गेली. बाकीच्या बायकांनी कामाच्या भीतीने तोंडं शिवून घेतली. शेजारच्या टेबलावर टेप मारत उभी होती ती धम्मदिना, ती म्हणाली, "मी सांगीन. मी बघितलंय."

पहिल्या तारखेला मिथुनच्या वकिलाने वैशालीला असं काही उलटंसुलटं विचारलं, की तिला स्वतःचं वय सांगता येईना. तिचा स्वतःचा वकील तेव्हा व्हरांड्यात फोनवर बोलत होता. धम्मदिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नाआधी बी.ए. झालेली बाई, पदवी पेटीत पडून होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने लॉच्या सीईटीचा अर्ज भरला, रात्री जागून अभ्यास केला, आणि पास झाली.

घरात काय कौतुक होणार? सासू शेवंता म्हणाली, "आता काळा कोट घालून कुणाला गाडणार हाय ही? दिराला का?" नवरा सुमित टेंपो चालवायचा, आणि टेंपोच्या फेऱ्या भावाच्याच मेहरबानीने मिळायच्या, त्यामुळे तो जेवताना ताटाकडे बघायचा आणि जेवून झाल्यावर मोबाइलकडे. त्याच्यापेक्षा टेंपोची स्टेपनी बरी, कधीतरी कामाला तरी येते.

ठाण्याकडच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं, आणि काय नवल, मिथुन पेढे घेऊन दारात. "वहिनी, आपल्या घराण्यातली पहिली वकील." शेवंताने चहा ठेवला, तोही सुनेला विचारून, साखर किती म्हणून. धम्मदिना मनातून सुखावली. माणूस आहे, इतकी वर्षं शिव्या खाल्ल्यावर गोड बोललेलं कुणाला नको असतं?

चहा संपल्यावर मिथुनने खिशातून कागद काढला. "ॲडमिशनला गॅप ॲफिडेव्हिट लागतं. बी.ए. झाल्यापासून आजवर काय केलं ते लिहून द्यायचं. कचेरीबाहेरच्या इक्बालभाईकडून टाइप करूनच आणलंय. सही केली की झालं."

तिने पेन टेकवलं, आणि सवयीने कागद वाचला. 'पदवीनंतर आजपर्यंत मी घरीच होते. या काळात मी कोठेही नोकरी अथवा काम केलेले नाही, हे मी शपथेवर सांगते.'

पेन तिथेच थांबलं. हा कागद उद्या कोर्टात गेला, की वैशालीची एकुलती एक साक्षीदार शपथेवर म्हणते, मी गोडाऊनात पाऊलच टाकलं नव्हतं. मग मी वैशालीला कुठे बघितलं? स्वप्नात?

"मी घरी होते?" ती म्हणाली. "मग तुझ्या गोडाऊनात कोण मरत होतं?"

"कागदावर तर कुणीच न्हाय, वहिनी," मिथुन शांतपणे म्हणाला. "सगळे असंच लिवतात. उद्या शेवटची तारीख हाय तुमची, बघा बाबा."

तो पेढ्यांचा बॉक्स ठेवून गेला. तिला तो उचलून त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला.

पण सीट हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तिचं तिने मिळवलं होतं. संध्याकाळी ती वैशालीकडे गेली. खरं सांगायचं तर सल्ला विचारायला नाही, सुटका मागायला गेली. वैशाली म्हणेल, कर गं सही, वकील होऊन माझीच केस लढ. मग सगळं सोपं होईल.

वैशाली पाय लांब करून भिंतीला टेकली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू वकील होशील तवर माझी केस थांबणार हाय का?" ती म्हणाली. "कर सही. पण मंग माझ्या दारात पाय ठेवू नको."

धम्मदिना दात-ओठ खात बाहेर पडली. जिच्यासाठी सगळ्या आळीशी वैर घेतलं, तिला दोन गोड शब्द जड झाले. मरू दे तिची केस, असंही मनात येऊन गेलं. रात्रभर ती कूस बदलत राहिली.

सकाळी ती तहसीलदार कचेरीबाहेर इक्बालभाईच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिच्या तोंडचा मजकूर ऐकून त्याने मशीनवरचा हात काढला.

"मॅडम, घर पे थी लिखो, कोई नहीं पूछता. काम केलं लिहिलं तर कॉलेज मालकाचं सर्टिफिकेट मागणार. ते कुठून आणणार?"

"तुम्ही टाइप करा."

"सीट जाएगी. फिर मेरे पास रोना मत." त्याने टाइप केलं. मानकोली, पॅकिंग, ठेकेदार मिथुनचं पूर्ण नाव, सगळं.

कॉलेजच्या खिडकीतल्या माणसाने बाकीचे कागद भराभर उलटले आणि याच कागदावर थांबला.

"काम करत होतात? मग एक्स्पीरियन्स सर्टिफिकेट?"

"ठेकेदार देत नाही."

"मग घरी होतात असं लिहून आणा. पाचपर्यंत आहे मी."

"पण मी घरी नव्हते."

"ते मला कशाला सांगताय? मला पेपर पाहिजे. मागे रांग बघा."

कॉलेजच्या फाटकाबाहेरच स्टॅम्प पेपरवाला बसला होता. तयार मजकूर, नुसतं नाव घालायचं. धम्मदिना त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. त्याने न विचारताच पेन पुढे केलं, तिच्यासारख्या सकाळपासून कितीतरी येऊन गेल्या असतील. चहावाला दोनदा फिरून गेला तरी ती उभीच. पाच वाजून गेले.

रडली का? हो, रडली. कशेळीला ट्रकांच्या रांगेत अडकलेल्या शेअर रिक्षात बसून रडली, आणि शेजारच्या बाईने काय झालं विचारलं तर तिच्यावरही खेकसली. घरी शेवंता म्हणाली, "बरं झालं, थेरं संपली एकदाची." सुमितने ताटाकडे बघितलं. वैशालीलाही कळलं. आभार वगैरे राहू द्या, साधं 'अरेरे' नाही.

कॉलेज सुरू होऊन महिने लोटले आणि साक्षीची तारीख लागली. मिथुन इस्त्रीचा शर्ट घालून वकिलामागे बसला होता. त्याच्या वकिलाने धम्मदिनाला नाव विचारलं, नातं विचारलं, दिराशी भांडण आहे का विचारलं. मस्टरवर नाव आहे का? नाही. पगाराची पावती? नाही. बँकेत पगार जमा झाल्याची नोंद? नाही. मग तो कोर्टाकडे बघून हसला आणि अगदी मायेने म्हणाला,

"म्हणजे बाई, इतकी वर्षं तुम्ही घरीच होतात ना?"

"न्हाय," धम्मदिना म्हणाली. "घरी असते तर आज कॉलेजात असते."