उरीयाच्या घरच्यांना कोणी विचारलं?

देवळात प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीचं ताट माझ्यासमोर आलं आणि थांबलं नाही. शेजारच्या बाईकडे गेलं. भाकरीचा तुकडा घ्यायला पुढे केलेला माझा हात तसाच राहिला. पाळकसाहेब वेदीजवळून म्हणाले, "ज्याच्या मनात क्षमा नाही, त्यानं या मेजाला हात लावू नये. उभी राहा. एकावन्नावं स्तोत्र वाच. मोठ्यानं."

सगळी मंडळी वळून बघायला लागली. पुढच्या बाकांवर जुनी ख्रिस्ती घराणी. शिकलेली, बंगल्यांतली. मागच्या बाकांवर आम्ही. माझा आजा सायखेड्याच्या मांगवाड्यातून येऊन ख्रिस्ती झाला. येशूनं आम्हाला घेतलं. बाक मात्र मागचाच राहिला.

साल अठ्ठ्याण्णव. मी एकोणीस वर्षांची. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते.

बाबा याच देवळात झाडलोट करायचे. त्या दिवशी आम्ही सायकलवरून देवळाली कॅम्पकडे निघालो होतो. मी कॅरिअरवर. दुपारचं लख्ख ऊन. समोरून जीप आली, आमच्या बाजूला घुसली. मी रस्त्याकडेच्या चारीत फेकले गेले. बाबा चाकाखाली. जीपच्या चालकाच्या जागेवरून पंचांचा मुलगा उतरला. पंच म्हणजे आमच्या मंडळीचा कारभार बघणारे. मुलाला मी लहानपणापासून ओळखत होते. त्यानं बाबांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत जीपमध्ये बसला आणि गेला.

मी पोलिसांना त्याचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी पंचांचा ड्रायव्हर चौकीत हजर झाला. म्हणाला, गाडी मी चालवत होतो. पण माझ्या जबाबामुळे मुलाचंही नाव खटल्यात राहिलं.

आठवड्याभरात पंच आणि पाळकसाहेब घरी आले. आईनं आम्हा ख्रिस्त्यांच्या रीतीनं "सलाम" म्हटलं, सतरंजी टाकली. पंच बसले नाहीत.

"कोर्टात एवढंच सांगायचं," ते मला म्हणाले, "की चालवणारा नीट दिसला नाही."

"दिसला तर हाय तिला," आई म्हणाली.

"तुम्हा लोकांना माणसांत आणलं कोणी, ते विसरू नका," पंच म्हणाले.

पाळकसाहेब हळू आवाजात बोलले. "दावीद राजानं तर खून केला होता. देवानं त्याला क्षमा केली. तू देवापेक्षा मोठी आहेस का?"

मग त्यांनी प्रार्थना केली. माझं दगडाचं काळीज मऊ व्हावं म्हणून. माझ्याच घरात, बाबांच्या फोटोखाली. आणि मी डोळे मिटून आमेन म्हटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर रोज संध्याकाळी तीच जीप आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची. इंजिन चालू. कोणी उतरायचं नाही. थोड्या वेळानं जायची. आई मंडळीच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. शेजारच्या बायका नळावर आमच्याशी बोलेनाशा झाल्या. कोणी शिवी दिली नाही. कोणी हात लावला नाही. नुसतं सगळं आवळत चाललं होतं.

आणि आता हे. भर उपासनेत.

मी बायबल उघडलं, वाचायला लागले. दावीद देवाकडे दया मागतो, मला धुऊन काढ म्हणतो. मग ती ओळ आली. मी पाप केलं ते फक्त तुझ्याविरुद्ध, असं तो देवाला म्हणतो. स्तोत्र मला लहानपणापासून पाठ होतं. पण त्या दिवशी त्या ओळीवर जीभ अडली. फक्त देवाविरुद्ध? दाविदानं आपल्याच शिपायाची, उरीयाची बायको घेतली. त्याला मरायला लढाईत पुढे धाडलं. तो मेला. त्याचं काय?

"थांबलीस का? वाच."

मी पुस्तक मिटलं. "पाळकसाहेब, उरीयाच्या घरच्यांना कोणी विचारलं होतं?"

ते पंचांकडे बघायला लागले.

"दावीद निदान 'मी केलं' म्हणाला. इथं तर ड्रायव्हरनं केलं म्हणतात. मग मी माफ करू कोणाला?"

पंच उठले. "खाली बसवा तिला."

कोणी हललं नाही. आई उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला. "चल," म्हणाली. आम्ही मधल्या वाटेनं बाहेर पडलो. फाटकापाशी ती म्हणाली, "आता मेलो तर आपल्याला हितं पुरायला जागा बी देणार नाय."

"नको देऊ दे," मी म्हटलं.

दोन वर्षांनी कोर्टात मी पंचांच्या मुलाचं नाव घेतलं, तो समोर असताना. तो सुटला. पुरावा कमी पडला. त्या रविवारी देवळात त्याच्या सुटकेबद्दल उपकारस्तुतीची उपासना झाली म्हणे.

मी देव सोडला नाही. स्तोत्रं घरीच वाचते. विधवेचा, पोरक्याचा जीव घेणाऱ्यांसमोर उठून उभा राहा, असं देवाला बजावणारी स्तोत्रंही त्याच पुस्तकात आहेत. ती आमच्या देवळात मी कधी ऐकली नव्हती. आता मला पाठ आहेत.

तो अजून आमच्या दारात आलेला नाही. आला, आईसमोर उभा राहून 'मी मारलं' म्हणाला, तर दयेचं बघू. तोवर माझ्याकडे ती मागायची नाही. कोणी नाही. पाळकानं नाही, पंचानं नाही. आणि शेवटच्या निवाड्याला देवानं त्याला सोडायचं ठरवलं, तर आधी माझं नाव पुकारावं लागेल. मी साक्ष देणार आहे.