थकलेली कडी

वस्तूंवर अविश्वास कसा ठेवावा हे शिकायचं, तर आमच्या साडभाऊंकडूनच. पांढुर्ण्याच्या एका तांत्रिक शाळेत ते वर्कशॉप शिकवत. खुर्चीत बसण्याआधी वाकून तिचे पाय पाहत. सौंसरच्या बसमध्ये चढण्याआधी चाकाखाली डोकावत आणि कंडक्टरच्या शिव्या खात. घरच्या ओट्यावर त्यांनी कूलरच्या मोटरला एक सळई जोडली होती आणि तिच्या टोकाला बेअरिंगवर संत्र्यांची पिशवी टांगली होती. सळई फिरली की तिची वरची बाजू खाली जाई, खालची वर येई; ताण आणि दाब आळीपाळीनं, सळई तुटेपर्यंत; किती फेऱ्यांनी तुटली ते वहीत लिहून ठेवत. मेहुणीबाई त्या घरघरीत पोळ्या लाटत आणि मधूनच दचकत.

८४-८५ साली आमच्या मुलीचं बारसं होतं. जुन्या झोपाळ्याच्या कडीला पाळणा टांगला होता. बायका गाणं सुरू करणार, तेवढ्यात साडभाऊ वर पाहत म्हणाले, "पोरीले यात ठेवू नका."

माझे वडील तापट. ते म्हणाले, "काहून? सकाळीच जवारीचं पोतं टांगून पाह्यलं. काही नाही झालं."

"ते एकदाचं वजन झालं, बाबाजी. इतकी वर्षं झोपाळा हालून राहिला हिच्यावर. लोखंड थकते. ओरखडा असला की तिथूनच चिरते, अन् वरून दिसत नाही."

बायकोनं मुलीला छातीशी धरलं. भर बारशात असं अभद्र बोलल्याबद्दल वडील त्यांना घराबाहेर काढतात की काय, असं मला वाटलं. शेवटी मुलगी आईच्या मांडीवरच राहिली आणि बायकांनी रिकाम्या पाळण्याला झोके दिले. प्रत्येक झोक्याला सगळ्यांचे डोळे कडीवर. कडी तुटली नाही. वडील छद्मी हसले. साडभाऊ खाली मान घालून जेवले आणि कडी काढून घेऊन गेले.

दोन दिवसांनी ते कडी घेऊन आले. शाळेतल्या व्हाइसच्या जबड्यात धरून जरा वाकवताच कडीचे दोन तुकडे झाले होते. तुटलेलं तोंड जवळजवळ सगळं काळपट, जुन्या चिरेचं; नखाएवढाच भाग ताजा, चकचकीत. तेवढ्यावरच पाळणा लटकला होता.

वडील ते तुकडे एकमेकांना जुळवून पाहू लागले. मग म्हणाले, "तुमाले पक्कं माहीत होतं?"

"नाही, बाबाजी. नुसती शंका होती. रात्रभर वाटून राहिलं, उगाच पोरीच्या बारशाची माती केली."

वडिलांनी मुलगी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. साडभाऊ ताठ बसले, मांडी हलू न देता, कपाळावर घाम. आता ते नाहीत. माझ्या पोरीसाठी इतकं घाबरणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.