दोन ओळींचं ठिगळ

ठिगळताई हे नाव आमच्या वाचनालयातल्या हमालांनी ठेवलं. तिथले आमचे म्हातारे कम्प्युटर ज्या कर्नेलवर, म्हणजे यंत्राच्या गाभ्यावर चालतात, त्याला मालक नाही. तो सगळ्यांना खुला. बनवणारे केव्हाच नव्या आवृत्तीकडे निघून गेले. मागे उरलेली जुनी आवृत्ती ही बाई एकटी सांभाळायची. मोठमोठ्या कंपन्याही तिच्याच जिवावर निर्धास्त, पण साधे आभार मानतील तर शपथ!

काम एकच. चोर शिरेल असं भोक सापडलं की ठिगळ लावायचं. बाकी काही बिघडलं तरी हात लावायचा नाही. सुधारायला जावं एक आणि कुठल्यातरी दवाखान्यातलं यंत्र बंद पडावं, हे तिने एकदा भोगलं होतं. शिवाय जे लोकांना द्यायचं तेच घरी चालवायचं, जरासुद्धा वेगळं नाही.

माझं तिच्या घरी जाणं-येणं होतं. घरी तिची आई होती, डोळे गेलेली. कम्प्युटर तिला पुस्तकं वाचून दाखवायचा; पण दर वाक्याला आवाज अडखळायचा.

“अगं, याला उचकी लागलीय, पाणी तरी पाज!” म्हातारी म्हणायची.

नव्या आवृत्तीत इलाज होता. कोडच्या फक्त दोन ओळी. मी भडकलो. “टाक की! आईपेक्षा नियम मोठा?”

“आज आईसाठी, उद्या तुझ्यासाठी. उचकीतून चोर शिरत नाही.”

“भांडू नका रे,” आई म्हणाली. “गाळलेले शब्द मी पदरचे घालते. कधीकधी पुस्तकापेक्षा बरे असतात.”

वर्षभर तिने तसंच ऐकलं. मग ऐकून दमायला होतं म्हणाली, पुस्तकं सोडली. हिवाळ्यात गेली.

तिसऱ्या आठवड्यात ताईला एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. आवाज अडखळतो नेमकं तिथूनच परक्याला अख्खं यंत्र ताब्यात घेता येतं. उचकी नव्हतीच ती. भोक होतं.

मी गेलो तेव्हा ती त्याच दोन ओळी बसवत होती.

“तुला कसं कळणार होतं?” मी म्हटलं.

“दुसऱ्या कुणाची तक्रार असती तर उघडून पाहिलं असतं. आईची होती, म्हणून पाहिलंच नाही. लोक म्हणतील, घरच्यांसाठी करते.”

ठिगळाखाली तक्रार करणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे. “आईचं लिही,” मी म्हणालो.

तिने त्या अनोळखी माणसाचं लिहिलं.

“तिचं मी ऐकलं कुठे?” एवढंच म्हणाली आणि ठिगळ पाठवून दिलं.