ढग राखणाऱ्या मुलीची खोड

माझ्या कादंबरीतली मुलगी ढग राखते. उंच डोंगरावर ढगांचा गोठा आहे. रोज सकाळी ती फाटक उघडते, ढगांना चरायला नेते आणि संध्याकाळी मोजून आत घेते. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबरीत एवढं चालतं. ढगांच्या गोठ्यावर मुलं एका ओळीत विश्वास ठेवतात. खोट्या माणसावर मात्र ठेवत नाहीत, आणि हे मला कळायला एक कोकरू जावं लागलं.

पुस्तक लिहायचं म्हणून मी पुण्यातली नोकरी सोडून शिनोलीला घरी येऊन बसले होते. घरच्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही. पण ऐन सोयाबीन काढायच्या दिवसांत टेबलाशी बसलेल्या मुलीकडे घरचे कसे बघतात, ते सांगायला नको. पहिला खर्डा कसाबसा पुरा करून मी संपादकबाईंकडे पाठवला. माझी नायिका शूर होती, हुशार होती, वाऱ्याशी बोलायची, कुणाला घाबरायची नाही. आणि खोटं कशाला बोलू, दिसायलाही माझ्यापेक्षा बरी होती. मी तिच्यावर भलतीच खूश होते.

सोयाबीन निघालं आणि दिवाळीनंतर आमच्या रानात मेंढ्या बसल्या. मोकळ्या रानात कळप मुक्कामाला ठेवला की जमिनीला लेंडीखत मिळतं, त्यामुळे असा कळप यावा म्हणून शेतकरी वाट बघत असतात. कळप मावशीचा. मावशी आमच्या नात्यातली नव्हे, गावातली. तिच्या घरातले बाकीचे आता शेतीच करतात, पण तिने मेंढ्या काही सोडल्या नाहीत. सोबतीला तिची सून असायची, बारावी शिकलेली, बोलायला कमी आणि कामाला चलाख. मेंढ्या दिवसा चरायला जायच्या आणि कोकरं रानातच, जाळीच्या कुंपणात मागे राहायची.

एका दुपारी मावशी मेंढ्यांमागे होती. सून पाण्याला निघाली आणि जाताना मला म्हणाली, "ताई, कोकरांकडं बघाल का जरा?" त्यात एक तपकिरी कानाचं कोकरू माझं लाडकं होतं. जाळीची गाठ सोडून मी आत गेले, त्याला उचलून घेतलं आणि तेवढ्यात फोन वाजला. संपादकबाई होत्या. आमच्या रानात फोन वाजतो कुठेही, पण बोलणं नीट ऐकू येतं ते फक्त वरच्या बांधावर. कोकरू खाली ठेवून मी तशीच धावले.

बाई चांगुलपणाने बोलल्या. "मुलगी छान आहे हो तुमची. पण पुस्तक मिटलं की ती आठवत नाही. तिच्या जागी कुणीही चाललं असतं. पुन्हा लिहून बघा, नाहीतर आपल्याला हे छापता यायचं नाही." मी बांधावरच बसून राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. परत आले तेव्हा जाळीत एकही कोकरू नव्हतं.

रस्त्याने दुसऱ्या कुणाचा कळप डिंभ्याकडे चालला होता. आमची कोकरं त्याच्यामागे लागली होती. सून आणि मावशी एकदमच आल्या आणि आम्ही तिघी पळत सुटलो. गाठलं तोवर तिकडची कोकरं आणि आमची कोकरं पार एक झाली होती. तो मेंढपाळ म्हणाला, "मावशे, तुमची कोणती? खूण काय?"

"खूण कशाला? खोडी सांगते की," मावशी म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ते बघ, शेजाऱ्याचा कान चघळतंय, ते माजं. ते मागं मागं ऱ्हातं आन मंग उड्या मारीत पुढं येतं, ते माजं. ते काळं, कुणी बघाय लागलं की लंगडतंय, पाय चांगला हाय त्याचा, लई नाटकी हाय, ते बी माजं." तो मेंढपाळ हसायला लागला आणि एकेक कोकरू काढून देत गेला. सगळी मिळाली. तपकिरी कानाचं तेवढं रस्त्याच्या कडेला सापडलं, गाडीखाली आलेलं.

मावशी सुनेला म्हणाली, "गाठ नीट मारायची न्हाई व्हय गं?"

सुनेने माझ्याकडे एकदाच बघितलं. मी मान खाली घातली. बोलायला पाहिजे होतं, तोंड उघडलं नाही, बस्स. घरी जाऊन सगळ्यांना पुरेल एवढा चहा करून आणला, पाण्याच्या दोन कळश्या आणल्या आणि कुणी सांगितलं नसताना जाळीच्या सगळ्या मेखा पुन्हा ठोकत बसले. त्या कोकराची आई दोन दिवस ओरडत होती. मी खिडकी लावून घेतली.

तिसऱ्या दिवशी मावशीने सहज विचारलं, "तुजी ती ढगवाली पोर, तिची खोड काय?" गोष्ट मी तिला थोडी थोडी सांगितली होती.

"काहीच नाही. ती शूर आहे," मी म्हणाले.

"मंग हरवल्यावर वळखायची कशी?"

संपादकबाई फोनवर तेच सांगत होत्या. त्यांचं ऐकून मी रुसले होते, मावशीचं ऐकून मात्र घाम फुटला. त्याच आठवड्यात मी माझ्या नायिकेला फाटक उघडं ठेवायला लावलं. एक लहान ढग हरवला. आळ दुसऱ्याच मुलीवर गेला. आणि माझी शूर, हुशार नायिका गप्प राहिली, अंगण झाडायला लागली, सगळ्यांची कामं करत सुटली. लिहिताना कान तापत होते, पण थांबवेना. आधी ती वाऱ्याशी नुसतीच बोलायची. आता वाऱ्याला सगळं ठाऊक होतं, म्हणून ती त्याला घाबरायला लागली. शेवटी अख्ख्या डोंगरासमोर ती आपली चूक कबूल करते.

पुस्तक निघालं. नारायणगावकडच्या एका मुलीने पत्र पाठवलं: "माझ्याकडून कप फुटला की मीपण न सांगता भांडी घासायला बसते. ही मुलगी म्हणजे मीच आहे." किती आनंद झाला म्हणून सांगू! आणि लाजही तेवढीच वाटली. माझी नायिका डोंगरासमोर बोलली होती, मला मात्र एका रानात, दोन बायकांसमोर बोलता आलं नव्हतं.

यंदा मेंढ्या पुन्हा आमच्या रानात बसल्या. मी पुस्तक घेऊन गेले. मावशीला वाचता येत नाही, म्हणून सून मोठ्याने वाचायला लागली. नायिका अंगण झाडायला लागते तिथवर ती आली आणि थांबली. सासू-सुनेने एकमेकींकडे बघितलं आणि दोघींना हसू आवरेना.

"गाठ सुटली न्हवती पोरी, सोडली व्हती," मावशी म्हणाली. "माज्या सुनेची गाठ बैलाला तुटत न्हाई. मी हिला त्याच सांजंला सांगितलं, का तुजी चूक न्हाई. आन तू? जन्मात कदी चा केला न्हाईस, त्या दिवशी किटली भरून आणलीस!"

"मग मला का नाही बोललीस?"

"म्हनलं, सांगंल आपली आपण. त्याला एवढं जाडजूड पुस्तक लिवाय लागलं व्हय?"

दोन वर्षं या बायकांनी माझी वाट बघितली होती. या दोन वर्षांत एकीनेही मला टोमणा मारला नाही, की गावात कुठे बोलल्या नाहीत. माझ्या नायिकेला मुलं विसरत नाहीत, याचं श्रेय लोक मला देतात. ते या दोघींचं आहे आणि त्यांचे उपकार मी फेडू शकेन असं मला वाटत नाही.

सुनेने पानात बोट घालून पुस्तक मिटलं. "ताई, ती पुढं सांगती का न्हाई, ते मी वाचीन," ती म्हणाली. "तुमी आदी तोंडानं सांगा."

मी सांगितलं. "गाठ मी सोडली होती. तुझ्यावर आळ आला आणि मी गप्प राहिले." दोन वाक्यांत संपलं.

"बरं," ती म्हणाली आणि बोट होतं तिथून पुढे वाचायला लागली.