आत्याच्या डाव्या कानातलं जिनिंग

बंद पडलेल्या जिनिंगचा आवाज ऐकणारी अख्ख्या अकोटात एकच बाई आहे, आणि ती माझी आत्या. तिच्या घरामागची, कापसातून सरकी काढणारी जिनिंग फॅक्टरी कधीच बंद झाली, यंत्रं भंगारात गेली. आतोबा तिथे दुपारच्या पाळीला फिटर होते, तेही गेले. तरी भर दुपारी भाकरी थापता थापता आत्या थबकायची, डावा कान भिंतीकडे करायची आणि म्हणायची, "झाली पाळी सुरू." मग न चुकता दोन भाकरी जास्त टाकायची. मला हसूही यायचं आणि अंगावर काटाही.

पुढे त्या कानाने बाकी काही ऐकू येईना, चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा आत्याने गुन्हेगार शोधायला घेतला. पहिला संशय मोबाइलवर. फोन आला की तो परातीत ठेवून ती दाराआडून ओरडायची. दुसरा संशय डीजेवर. लग्नाला निघताना पिशवीत कापूस घ्यायची आणि दिसेल त्याच्या कानात बोळे कोंबायची. भटजींचं 'सावधान' आपल्याला ऐकूच आलं नव्हतं, असं माझा नवरा अजून सांगतो.

शेवटी मी तिला अमरावतीला दाखवलं. ऐकण्याच्या नसेवर गाठ निघाली. कर्करोगाची नव्हे, पण वाढणारी.

"कशानं झाली?" आत्याने दरडावून विचारलं.

"बहुतेकांना का होते ते कळतच नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. "मोबाइलचा दोष सिद्ध झालेला नाही, गोंगाटाबद्दल एकमत नाही. लहानपणी डोक्याला किरणांचा शेक दिला असेल तर शक्यता वाढते. घराण्यातून आली तर सहसा दोन्ही कानांत येते."

आत्याला यातलं काहीच लागू नव्हतं. गुन्हेगार सापडलाच नाही. पण गाठ मेंदूवर दाब देऊ लागली होती. ठेवली तर जिवावर बेतणार, काढली तर तो कान कायमचा जाणार.

"मंग ह्यायची पाळी मी कोन्त्या कानानं आयकू?" आत्या म्हणाली. महिनाभर मी तिच्या विनवण्या केल्या, रडले, भांडले, तेव्हा कुठे ती तयार झाली.

आत्या वाचली, कान गेला. परवा दुपारी मी अकोटला गेले होते. भाकरी थापता थापता ती थबकली आणि तो बहिरा कान भिंतीकडे वळवला.

"आत्या, अजून येतो आवाज?"

"तुमचं कोनाचंच येत नाई आता त्या कानानं," ती हसली. "त्यायचंच येते."

कान गेला तरी आवाज राहू शकतो, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. तरीही तिने दोन भाकरी जास्त टाकल्या, तेव्हा मी मुकाट्याने आणखी एक ताट घेतलं.