गुरुवारचा खोटा उपास

मंडळी, आज देवासच्या एका मुंजीत सत्तर वर्षांचं ओझं उतरलं!

तेव्हा वडील म्हणाले, "कॉलेज नको, नोकरी धर." मी हट्टानं कॉलेजसाठी धार गावी गेलो. शिकवण्या करून फी भरली, जेवायला वार लावले. रोज एक घर. गुरुवारचं घर मिळेना. लाजेखातर सगळ्यांना सांगितलं, "गुरुवारी माझा दत्ताचा उपास असतो."

बुधवारच्या काकू मात्र निघताना दशम्या बांधून द्यायच्या. त्याच मी गुरुवारी खायचो.

आज त्यांची लेक भेटली. मी खोटेपणा कबूल केला, तर ती हसतच सुटली. "अहो भिया, आईला ठाऊक होतं! नाहीतर उपासवाल्याला दशम्या कोण देतं?"

आणि मी काकूंना विसरभोळ्या समजत होतो!

तुम्हाला भेटलंय का असं कुणी विसरभोळं?